आधी रस्ता, मग सायकल

सायकल घ्यायला निघालेला माणूस हल्ली मोबाईलमध्ये दोन-तीन फोटो घेऊन येतो आणि ‘यातली कोणती चांगली?’ असं विचारतो. फोटोत तिन्ही चांगल्याच दिसतात. एकीला जाड टायर आणि पुढे शॉकअप, दुसरी सडपातळ आणि खाली वळलेल्या हँडलची, तिसरीच्या नळीवर गिअरचा आकडा ठळक छापलेला. मग कंपनी, रंग, किंमत, हप्ते असं सगळं बोलून होतं. ही सायकल चालणार कुठे, एवढंच बोलायचं राहून जातं. उदगीरच्या बाजारातले जुने मिस्त्री मात्र पहिला प्रश्न तोच करतात. “कुठल्या रस्त्यानं चालवणार हाव ते सांगा आधी, मग गाडी दावतो.” या पुस्तकात मला जे सांगायचं आहे त्याचं सार मिस्त्रींच्या या एका वाक्यात आलं आहे. पुढची सगळी प्रकरणं म्हणजे त्याचा विस्तार.

हा विस्तार दोन दिशांनी जातो. पुस्तकाचा पहिला अर्धा भाग सायकल निवडणं, सांभाळणं आणि चालवणं याबद्दल आहे. दुसरा अर्धा भाग रस्त्यावरच्या व्यावसायिक शर्यतींबद्दल आहे. टूर द फ्रान्स, जिरो, पॅरिस-रूबे या शर्यती कशा पाहाव्यात आणि त्यांत नेमकं काय चाललेलं असतं, हे तिथे सांगितलं आहे. पुस्तकाचं हस्तलिखित वाचणाऱ्या मित्रांनी विचारलं, की मोंढ्यात जाणाऱ्या माणसाचा आणि फ्रान्सच्या शर्यतीचा संबंध काय? संबंध रस्त्याचाच आहे. क्रिकेटला मैदान बांधावं लागतं. सायकलची शर्यत मात्र लोकांच्या जाण्यायेण्याच्या रस्त्यावर होते आणि चढ, उतार, वारा, ऊन, खडी हेच तिचे नियम ठरवतात. ज्याने समोरच्या वाऱ्यात दहा किलोमीटर पायडल मारलं आहे, त्याला त्या शर्यतीतला अर्धा डाव कोणी न सांगता कळतो.

तेव्हा आधी आपला रस्ता पाहू. उदगीर बालाघाटच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरहून उंचावर आहे. इथून लातूर बरोबर पश्चिमेला. नळेगाव, आष्टामोड करत जाणारा हा रस्ता नकाशावर सपाट दिसतो, पण सायकलवर बसलं की त्यातला प्रत्येक लहान-मोठा चढ पायांना कळतो. नांदेडकडे निघालं की एकूण उतारच जास्त, कारण गोदावरीकाठचं नांदेड आपल्यापेक्षा अडीचशे मीटरहून अधिक खाली आहे. सकाळी नांदेडला वेळेआधी पोचलेला माणूस परतताना का थकतो, त्याचं उत्तर या आकड्यात आहे. आग्नेयेला बिदर, म्हणजे राज्य बदललं आणि डांबरही बदललं. देवणीकडचे, जळकोटकडचे आणि देवर्जनच्या हत्तीबेटाकडचे रस्ते अरुंद, पण वाहनांची गर्दी कमी. खरी सायकल चालवायची जागा हीच.

रस्ता ऋतूप्रमाणे बदलतो. ज्येष्ठ-आषाढात पश्चिमेचं वारं सुटतं. तेव्हा लातूरकडे जाणं म्हणजे सबंध वाट चढ चढण्यासारखं, आणि येताना तोच वारा पाठीशी. पाऊस लागला की शिवाररस्त्यावरची काळी माती चाकाला धरते, मडगार्डमध्ये घट्ट बसते आणि चाक फिरायचंच थांबतं. अशा वेळी सायकल खांद्यावर घेण्याला पर्याय नसतो. सुगीत निम्म्या डांबरावर सोयाबीन वाळत घातलेलं असतं. पुढे उसाचा हंगाम लागला की दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, आणि त्यांतल्या बऱ्याच ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो. दिवाळीपासून शिमग्यापर्यंतचे दिवस सायकलचे. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो, तेव्हा सकाळी आठच्या आत घरी यावं. आणि बारा महिने काटे. बाभळीचा काटा लांब असतो, तो दिसतो तरी. सराटा दिसत नाही. रस्त्याच्या कडेला जमिनीलगत पसरलेल्या वेलीची ती इवलीशी फळं, कशीही पडली तरी त्यांचं एक टोक वर राहतं. गाडीला वाट द्यायला म्हणून तुम्ही डांबराच्या खाली उतरता आणि घरी येईपर्यंत दोन्ही चाकं बसलेली असतात. या भागात सायकल घेणाऱ्याने गिअरचा विचार करण्याआधी टायरचा विचार करावा, असं मी म्हणतो ते यासाठी.

या रस्त्यांवर पूर्वी एकच सायकल चालायची. काळी, अठ्ठावीस इंची चाकांची, सळईच्या ब्रेकची, वीस किलोच्या आसपास वजनाची. देशी कारखानदारी उभी राहिली तशी ती खेड्यापाड्यात पोचली. मद्रासच्या टीआय सायकल्सची सुरुवात १९४९ची, सोनीपतच्या अ‍ॅटलासची १९५१ची, लुधियानाच्या हीरोची १९५६ची. आसनसोलच्या सेन-रॅले कारखान्यातून रॅले यायची आणि लग्नात जावयाला रॅले मिळाली तर वर्षभर तिचीच चर्चा चालायची. १९८६ साली हीरो जगातली सर्वांत मोठी सायकल उत्पादक कंपनी म्हणून गिनेस बुकात नोंदली गेली. आणि ३ जून २०२० रोजी, जागतिक सायकल दिनाच्याच दिवशी, अ‍ॅटलासच्या साहिबाबादच्या कारखान्याला टाळं लागलं. सत्तर वर्षांची ही चढउतार एका प्रकरणात आली आहे.

त्या काळ्या सायकलला आज कोणी हसतं, पण ती रस्ता पाहूनच घडवलेली होती. मोठं चाक खड्ड्यात कमी अडकतं. जाड नळीची फ्रेम, वर जोड दांडी आणि रुंद कॅरिअर हे ओझ्यासाठी. दुधाच्या किटल्या दोन्ही बाजूंना अडकवून सकाळी उदगीरात येणारे गवळी, मागे कपड्यांचं गाठोडं बांधून गावोगाव फिरणारे फेरीवाले, मोंढ्यातून पोतं आणणारे हमाल यांना वेग नको होता, भरवसा हवा होता. दहा-बारा वर्षांच्या पोराला सीटवर पाय पुरत नसत, म्हणून तो दांडीखालून पाय घालून अर्ध्या पायडलवर शिकायचा. तासाच्या भाड्याने मिळणाऱ्या सायकलीवर एका दिवाळीच्या सुट्टीत अख्खी आळी शिकून व्हायची. महाराष्ट्रातल्या कित्येक नगरपालिका सायकलवर कर घेत आणि तो भरल्याचा बिल्ला सायकलला लावावा लागे. रात्री दिवा नसला किंवा डबलसीट दिसलं, की पोलीस चाकातली हवा सोडत.

तिच्या मर्यादाही तितक्याच खऱ्या. सळईचा ब्रेक लोखंडी रिमवर पावसात धरतच नाही. आणि गिअर एकच. पुढे ४४ दाते आणि मागे १८ असतील, तर पायडलच्या एका फेरीत मागचं चाक जवळपास अडीच वेळा फिरतं आणि सायकल जवळजवळ साडेपाच मीटर पुढे जाते. सपाट रस्त्यावर हे सोयीचं. चढावर ओझ्यासकट तेवढं अंतर एका फेरीत ओढणं अवघड, म्हणून माणूस उतरून ढकलत जायचा. गिअरची सायकल हाच हिशेब बदलते. पुढे ३४ आणि मागेही ३४ दाते असले, की पायडलच्या एका फेरीला चाकाची एकच फेरी, म्हणजे सव्वादोन मीटरच्या आत. अंतर कमी झालं, म्हणजे जोरही कमी लागला. गिअर किती आहेत यापेक्षा सर्वांत हलका आणि सर्वांत जड गिअर कोणता, हे विचारायचं ते यामुळे. दुकानात एकवीसचा आकडा सांगतात. त्यातले निम्मे गिअर जवळपास सारखेच असतात आणि ज्या हलक्या गिअरची चढावर गरज असते तो कधी कधी त्यात नसतोच.

निवडीच्या प्रकरणांत मी चार गोष्टींचा क्रम लावला आहे: माप, टायर, ब्रेक, गिअर. रंग आणि कंपनी त्यानंतर. मापाचं म्हणाल तर दोन्ही पाय जमिनीवर टेकवून सायकल मध्ये धरून उभं राहावं. वरची दांडी आणि जांघ यांत दोन-तीन सेंटिमीटर मोकळं राहिलं पाहिजे. मग सीटवर बसून पायडल अगदी खाली न्यावं आणि त्यावर टाच ठेवावी. पाय सरळ होत असेल तर सीटची उंची बरोबर, कारण चालवताना टाचेऐवजी चवडा पायडलवर येतो आणि गुडघा जरासा वाकतो. आपल्याकडे दहापैकी बरेच जण सीट खूप खाली ठेवतात. थांबलं की दोन्ही पाय जमिनीला टेकावेत असं वाटतं, आणि मग गुडघे दुखतात म्हणून सायकल कोपऱ्यात जाते. त्यात सायकलचा काही दोष नसतो.

टायरच्या बाबतीत नांदेड-लातूरकडच्या माणसाने बत्तीस ते चाळीस मिलिमीटर रुंदीच्या टायरचा विचार करावा. डांबरावर ते पळतात आणि शिवाररस्त्यावर मारही खातात. जाड गोट्यांचं टायर चिखलात बरं, पण डांबरावर ते नुसतं घरघरतं आणि ताकद खातं. स्वस्त सायकलचा पुढचा शॉकअप म्हणजे दोन-अडीच किलोचं लोखंड. चढावर उभं राहून पायडल मारलं की तुमचा जोर चाकात जाण्याऐवजी त्या स्प्रिंगमध्ये जातो. चाकाचं माप घेताना आणखी एक गोम आहे. आपली जुनी अठ्ठावीस इंची रिम ६३५ मिलिमीटरची, आणि नव्या हायब्रिड किंवा रोड सायकलची, जिला ७००सी म्हणतात, ती ६२२ची. माउंटन सायकलची एकोणतीस इंची म्हणून विकली जाणारी रिमही ६२२चीच. नावातले इंच काहीही सांगोत, टायरवर कोरलेला हा तीन आकडी अंक पाहावा. तो अंक जुळला तरच टायर बसतं. आणि त्या मापाची ट्यूब आपल्या गावात मिळते का, हे सायकल घेण्याच्या आधी विचारावं.

दुरुस्तीचं प्रकरण मी शहरातल्या चकचकीत दुकानावर लिहिलेलं नाही. रस्त्याकडेच्या टपरीवरच ते लिहिलं आहे, कारण कारागिरी तिथे पाहायला मिळते. चाकाचा आऊट काढणारा मिस्त्री बघत बसावा. जुन्या सायकलला पुढे ३२ आणि मागे ४० स्पोक. मिस्त्री चाक हवेत ठेवून फिरवतो आणि फोर्कला टेकवून खडूचा तुकडा रिमजवळ धरतो. चाक जिथे वाकडं असेल तिथेच रिम खडूला घासते आणि पांढरी रेघ उमटते. ज्या बाजूला रिम गेली आहे तिकडचे स्पोक तो चावीने किंचित सैल करतो, समोरच्या बाजूचे तेवढेच आवळतो. एका वेळी पाव फेरी, जास्त नाही. मग पुन्हा फिरवायचं, पुन्हा खडू. शेवटी तो बोटाने स्पोक छेडून आवाज ऐकतो. सगळ्यांचा सूर जुळला म्हणजे ताण सारखा पडला. हे काम यंत्राशिवाय, दहा-पंधरा मिनिटांत होतं. वर्षातून एकदा ओव्हरऑइलिंग करून घ्यावं, म्हणजे छर्रे, कोन-कप साफ होऊन नवं ग्रीस भरलं जातं. पंक्चर मात्र स्वतः काढायला शिकावं. ज्याला पंक्चर काढता येत नाही त्याची सायकल गावाच्या वेशीपर्यंतच जाते.

वेशीपलीकडे जाण्याचा आनंद हा पहिल्या अर्ध्या भागातला तिसरा विषय. सायकलवर माणूस तासाला पंधरा-वीस किलोमीटर जातो. एवढ्या वेगात वाटेतलं पीक ओळखता येतं, कढईतल्या तेलाचा वास येतो, आणि कोणी हाक मारली तर थांबताही येतं. हळूहळू अंतर वाढवायचं. पन्नास जमले की शंभर. त्याच्या पुढे ज्यांना हौस आहे त्यांच्यासाठी ब्रेव्हे नावाचा प्रकार आहे. ही शर्यत नव्हे. दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत, तीनशे वीस तासांत, चारशे सत्तावीस तासांत, सहाशे चाळीस तासांत. ठरलेल्या ठिकाणी नोंद करत, स्वतःची सोय स्वतः करत जायचं. याची गंगोत्री पॅरिसमध्ये. १९३१पासून हौशी सायकलपटूंसाठी चालत आलेली पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही बाराशे किलोमीटरची वाट नव्वद तासांत पुरी करायची असते. ती चार वर्षांतून एकदा येते आणि महाराष्ट्रातून माणसं तिच्यासाठी वर्षानुवर्षं तयारी करतात.

लांबच्या वाटेचं वेड मराठी मुलखाला नवं नाही. १९२३ साली मुंबईहून निघालेले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे पारशी तरुण सायकलवर जगाला फेरी घालून १९२८ साली परतले. २०१५ साली नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी दोघांच्या संघातून रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका पूर्ण केली. पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटर. २०१७ साली लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकट्याने पुरी केली. २०१८ साली पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने विसाव्या वर्षी एकटीने २९,००० किलोमीटर सायकल चालवून जगाची फेरी संपवली. या सगळ्यांच्या सायकली वेगवेगळ्या होत्या, कारण वाटा वेगवेगळ्या होत्या.

आता शर्यतीकडे. टूर द फ्रान्स सुरू झाली ती वर्तमानपत्राचा खप वाढावा म्हणून. १ जुलै १९०३ रोजी ‘लोटो’ या क्रीडापत्राने पॅरिसजवळून साठ जणांना रवाना केलं. सहा टप्पे, २,४२८ किलोमीटर. लहानपणी धुरांडी साफ करणारा मोरीस गारँ पहिला आला. ‘लोटो’चा कागद पिवळा होता आणि १९१९पासून आघाडीवरच्या खेळाडूला पिवळी जर्सी मिळू लागली. इटलीच्या जिरोची जर्सी गुलाबी, कारण १९०९ साली ती शर्यत काढणारं वर्तमानपत्र गुलाबी कागदावर छापलं जायचं. आज टूर एकवीस टप्प्यांची आणि तीन आठवड्यांची असते. जुलैत आपल्याकडे संध्याकाळी सुरू असलेला टप्पा रात्री नऊच्या आसपास संपतो, म्हणजे शेतातून, दुकानातून घरी आलेल्या माणसाच्या सोयीची वेळ.

नवा प्रेक्षक पहिल्या दिवशी गोंधळतो. दीडशेहून अधिक माणसं एका घोळक्यात चार तास चालत राहतात, पुढे गेलेल्या चौघांना कोणी धरत नाही, आणि शेवटी अर्ध्या मिनिटात सगळं आटोपतं. यात खेळ कुठे आहे? खेळ वाऱ्यात आहे. वेग वाढला की सायकलवाल्याची बहुतेक ताकद हवा फोडण्यात जाते. वेग दुप्पट केला तर हवेचा विरोध चौपट होतो. दुसऱ्याच्या मागे चिकटून चाललं की मागच्याची तीसेक टक्के ताकद वाचते. आषाढात लातूरच्या रस्त्याला शाळेची पोरं एकामागे एक लागतात आणि पुढचा थकला की बाजूला होतो, ते याच हिशेबाने. टूरमध्ये प्रत्येक संघात आठ जण असतात. त्यांतले सात जण दिवसभर वारा अंगावर घेतात, मागच्या गाडीतून पाण्याच्या बाटल्या आणून देतात, प्रमुखाचं चाक पंक्चर झालं तर स्वतःचं काढून देतात. त्यांची नावं निकालात शंभराव्या जागेवर असतात. वारा बाजूने आला की घोळका तिरपा पसरतो. रस्त्याची रुंदी संपली की मागच्यांना आडोसा उरत नाही, दोर तुटतो आणि सपाट रस्त्यावर, चढ नसताना, मोठमोठे खेळाडू मिनिटं गमावतात. हे एकदा ओळखता आलं की चार तास कंटाळा येत नाही.

डोंगरात मग वाऱ्याची जागा चढ घेतो. आल्प द्युएझचा घाट सुमारे चौदा किलोमीटरचा, एकवीस वळणांचा, आणि दर शंभर मीटरला सरासरी आठ मीटर उंची. इथे आडोशाचा उपयोग कमी, अंगातली धमक आणि वजन यांचाच हिशेब. २०२४ साली महिलांच्या टूरचा शेवटचा टप्पा याच घाटावर संपला आणि पोलंडच्या कासिया नेव्हियाडोमाने डच डेमी फोलेरिंगला सगळ्या शर्यतीच्या वेळेत अवघ्या ४ सेकंदांनी मागे ठेवलं. पुरुषांत सर्वांत कमी फरकाचा निकाल १९८९चा, ग्रेग लमाँचा, ८ सेकंदांचा. आठवडे सायकल चालवून फरक सेकंदांचा उरतो, म्हणून या खेळात आधीच्या दिवशी वाया घालवलेला एक क्षणही हिशेबात येतो.

शर्यतींच्या इतिहासातला एकच किस्सा मी प्रस्तावनेत घेतो, कारण तो आपल्या मिस्त्री-लोहारांना फार आवडला. १९१३च्या टूरमध्ये ओझेन क्रिस्टॉफ दुसऱ्या क्रमांकावर होता आणि तूरमाले घाट उतरताना त्याच्या सायकलचा फोर्क मोडला. तेव्हा नियम असा, की दुरुस्ती स्वतःच करायची. तो सायकल खांद्यावर टाकून दहा किलोमीटरहून जास्त चालत खालच्या गावात आला, लोहाराची भट्टी गाठली आणि तासन्‌तास लोखंड तापवून, ठोकून फोर्क जोडला. परीक्षक शेजारी उभे होते. भाता मारायला त्याने एका पोराची मदत घेतली, म्हणून वर दंडही झाला. ती टूर त्याच्या हातून गेली. सहा वर्षांनी पहिली पिवळी जर्सी चढवण्याचा मान त्यालाच मिळाला आणि त्याही वर्षी शर्यत संपत आलेली असताना फोर्क पुन्हा मोडला. टूर त्याने कधीच जिंकली नाही. हे वाचून दाखवलं तेव्हा एका मिस्त्रींनी विचारलं, “जोड कुठं दिला व्हता?” फ्रान्समधल्या शंभर वर्षांपूर्वीच्या फोर्कबद्दल असा प्रश्न पडणाऱ्या वाचकासाठीच हे पुस्तक आहे.

या खेळाची काळी बाजूही टाळलेली नाही. लान्स आर्मस्ट्राँगची सात विजेतेपदं २०१२ साली काढून घेतली गेली. ज्या खेळात अंगातल्या धमकेवर सगळं ठरतं, तिथे ती धमक सुईतून आणण्याचा मोह मोठा असतो, आणि अनेक वर्षं संघच्या संघ मिळून त्याला बळी पडत होते. आजचे विजेते, स्लोव्हेनियाचा तादेई पोगाचार किंवा डेन्मार्कचा योनास विंगेगोर, यांच्याकडे लोक कौतुकाने पाहतात तसेच संशयानेही पाहतात, आणि ते या इतिहासामुळे. प्रेक्षकाने दोन्ही डोळे उघडे ठेवावेत.

मात्र ज्या गोष्टीने मला शर्यतीवर निम्मं पुस्तक लिहायला लावलं ती वेगळी आहे. कोलंबियाचा नायरो किंताना डोंगरातल्या गावातून सायकलने शाळेत जायचा आणि घरी परतताना चढ चढायचा. त्या चढांनी तो घडला. इरिट्रियाचा बिनियाम गिर्माय अस्मारा शहरातला, आपल्यापेक्षा उंच आणि आपल्यासारख्याच कोरड्या पठारावरचा. २०२४च्या टूरमध्ये त्याने तीन टप्पे जिंकले आणि वेगवानांची हिरवी जर्सी शेवटपर्यंत राखली. टूरचा टप्पा जिंकणारा तो पहिला कृष्णवर्णीय आफ्रिकी. २०२५ साली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा रवांडाच्या किगालीत झाली, आफ्रिकेत पहिल्यांदाच. हे देश श्रीमंत नाहीत. त्यांच्याकडे चढ होते, रोज सायकल चालवणारी पोरं होती आणि दर आठवड्याला गावात होणाऱ्या शर्यती होत्या.

पहिल्या दोन गोष्टी मराठवाड्यातही आहेत. मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळाल्या आणि वाडी-तांड्यावरून शाळेत येणारी मुलींची रांग सकाळी कुठल्याही रस्त्यावर दिसते. मराठवाड्याबाहेर, कोल्हापूरची पूजा दानोळे, संगमनेरची प्रणिता सोमण यांनी राष्ट्रीय स्पर्धांत पदकं मिळवली. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणण्याची जुनी रीत आहे. जानेवारी २०२६मध्ये पुणे जिल्ह्याच्या घाटवाटांवर परदेशी संघांसह पुणे ग्रँड टूर झाली आणि जागतिक संघटनेच्या वेळापत्रकातली शर्यत लोकांनी आपल्या गावाच्या कडेला उभं राहून पाहिली. कमी आहे ती तिसरी गोष्ट. तालुक्याच्या गावाला रविवारी सकाळी दोन तास एखादा रस्ता बंद करून शर्यत घ्यायला फार पैसा लागत नाही. शाळा, महाविद्यालय, पोलीस आणि नगरपालिका यांनी ठरवावं लागतं. ती कशी घ्यावी, वळणावर माणसं किती उभी करावी, वेळ कशी नोंदवावी, याचं एक व्यावहारिक प्रकरण शेवटी जोडलं आहे. पुस्तकातलं ते एकच प्रकरण वापरून फाटलं तरी मला चालेल.

पुस्तकात किमती दिलेल्या नाहीत, त्या छापून येईपर्यंत जुन्या होतात. कोणत्या कंपनीची सायकल घ्या, हेही सांगितलेलं नाही. विजेच्या सायकलींवर फक्त थोडक्यात टिपण आहे, कारण त्यांचं तंत्र झपाट्याने बदलतं आहे. हेल्मेट, मागचा लाल दिवा आणि उसाच्या ट्रॉल्या यांवर मात्र मी परत परत लिहिलं आहे, वाचणाऱ्याला कंटाळा आला तरी. उदगीर, लातूर, नांदेड, देगलूर इथल्या ज्या मिस्त्रींनी काम चालू असताना माझे प्रश्न सहन केले आणि ज्या शिक्षकांनी शाळेच्या मैदानावर मुलामुलींची मापं घेऊ दिली, त्यांचं ऋण मोठं आहे.

पुस्तक पहिल्या पानापासून वाचलंच पाहिजे असं नाही. जुलै महिना असेल तर शर्यतीच्या भागापासून सुरू करावं, दिवाळी असेल तर रस्त्यांच्या. उद्याच सायकल घ्यायची असेल आणि एकाच प्रकरणाला वेळ असेल, तर मापाचं प्रकरण वाचून दुकानात जावं. टायर बदलता येतं, सीट बदलता येते, गिअरही बदलून मिळतात. चुकीच्या मापाची फ्रेम मात्र विकावीच लागते, आणि तिला निम्मेही पैसे येत नाहीत.

उदगीर